पर्ड्यू मार्चमध्ये हरणारच, हे कशावरून?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा २०२३-२४ चा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना (ऑक्टोबर २०२३), इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाविषयीचा एक लांबलचक मजकूर आजी-माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. पर्ड्यूच्या वेस्ट लाफिएट या गावी पुण्या-मुंबईहून शिकायला आलेले पुष्कळ असल्यामुळे मराठी गटांतही तो तितक्याच उत्साहाने पुढे पाठवला जातो आहे. त्याचा सारांश असा: पर्ड्यू सलग तीन वर्षे मार्चमधील राष्ट्रीय बाद स्पर्धेत पहिल्याच फेरीत दुबळ्या संघांकडून हरला आहे, उंच सेंटरभोवती (बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूभोवती) खेळ रचण्याचे दिवस संपले आहेत, संघ तोच आहे, म्हणून निकालही तोच लागेल, प्रशिक्षक मॅट पेंटर यांना मार्चमध्ये जिंकता येत नाही, आणि ज्या बिग टेन गटात हा संघ खेळतो, त्या गटाने २००० नंतर एकही विजेता दिलेला नाही. तात्पर्य, यंदाही नोव्हेंबर ते फेब्रुवारी कौतुक आणि मार्चमध्ये रडारड.

हा मजकूर मी चार वेळा वाचला, कारण त्यातील काही विधाने खरी आहेत, आणि खऱ्या विधानांच्या आधाराने चुकीचा निष्कर्ष पुढे सरकवला जात असेल तर त्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

सुरुवात वस्तुस्थितीच्या चुकीपासून करतो. सलग तीन वर्षे धक्कादायक पराभव झाले, हे खरे. परंतु तिन्ही पहिल्या फेरीत झाले, हे खरे नाही. २०२१ मध्ये चौथे मानांकन (पहिले सर्वांत बलाढ्य संघाला, सोळावे सर्वांत दुबळ्याला) असलेला पर्ड्यू तेराव्या मानांकित नॉर्थ टेक्साससमोर जादा वेळेत ७८-६९ असा पहिल्या फेरीत हरला. २०२२ मध्ये मात्र येल आणि टेक्सास यांना हरवून हा संघ अखेरच्या सोळा संघांत पोहोचला होता आणि तेथे पंधराव्या मानांकित सेंट पीटर्सकडून ६७-६४ असा पराभूत झाला. त्याच सेंट पीटर्सने आधी केंटकीसारख्या मातब्बर संघाला घरी पाठवले होते. १७ मार्च २०२३ रोजी कोलंबस येथे फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असा जो पराभव केला, तो मात्र कोणत्याही शब्दांनी झाकण्यासारखा नाही. १९८५ ते २०२३ या काळात, २०२० चे रद्द झालेले वर्ष वगळता, पहिल्या आणि सोळाव्या मानांकित संघांत १५२ सामने झाले आहेत, आणि त्यांपैकी केवळ दोन सोळाव्या मानांकिताने जिंकले आहेत. त्या दोहोंपैकी एका सामन्यात हरणारा संघ पर्ड्यू होता.

आता या तीन पराभवांना एकच आजार समजायचे का, हा प्रश्न उरतो. पहिल्या दोन संघांचा आक्रमणाचा भार बराचसा जेडन आयव्ही आणि ट्रेव्हियन विल्यम्स यांच्यावर होता. २०२२ मध्ये आयव्ही एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला, विल्यम्सचीही महाविद्यालयीन कारकीर्द संपली, आणि तिसऱ्या वर्षी चेंडू हाताळण्याचे काम ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर या दोन नवख्या गार्डांकडे आले. गणवेश तोच असला तरी खेळाडू बदललेले होते. भारताचा क्रिकेट संघ २०१३ नंतर बाद फेरीत अडखळतो, म्हणून तो ‘बाद फेरीत हरणारा संघ’ आहे, असे विधान २०२३ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने आपण दररोज ऐकत होतो. त्या विधानातही दहा वर्षांतील निरनिराळे संघ, निरनिराळी मैदाने आणि निरनिराळी कारणे एकाच गाठोड्यात बांधलेली असतात.

कोलंबसच्या सामन्याकडे मात्र थांबून पाहायला हवे, कारण यंदाच्या संघाविषयी काही सांगण्याजोगे असेल तर ते तेथेच आहे. फेअरली डिकिन्सन हा डिव्हिजन वन या महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च श्रेणीमधील सर्वांत बुटक्या खेळाडूंचा संघ होता. आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात तो मेरिमॅककडून एका गुणाने हरला होता, आणि विजेता मेरिमॅक राष्ट्रीय स्पर्धेसाठी नियमाने अपात्र असल्यामुळेच त्याला प्रवेश मिळाला. अशा संघासमोर पर्ड्यूचा सेंटर, सात फूट चार इंचांच्या झॅक ईडीने काय केले? २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). म्हणजे सेंटरने आपले काम केले होते. हरवले ते दोन गोष्टींनी. चेंडू वर आणताना होणाऱ्या सततच्या दडपणाखाली पर्ड्यूने १६ वेळा चेंडू गमावला. आणि ईडीभोवती दोन-तीन बुटके बचावपटू घिरट्या घालत असल्यामुळे बाहेर मोकळ्या राहिलेल्या खेळाडूंनी तीन गुणांचे २६ प्रयत्न केले, त्यांतील फक्त ५ आत गेले.

हा हिशेब पुढे नेऊन पाहा. त्या हंगामात पर्ड्यूची तीन गुणांच्या फटक्यांची सरासरी मुळीच चमकदार नव्हती. एक तृतीयांशाहून किंचित कमीच होती. तरीही, त्या सामान्य सरासरीने खेळले असते तरी २६ पैकी आठ फटके आत गेले असते, म्हणजे नऊ गुण अधिक मिळाले असते. आणि पराभव तर पाच गुणांचा होता. नेमबाजीतील एका वाईट रात्रीला शाप म्हणता येत नाही. परंतु चेंडू गमावण्याच्या बाबतीत मी इतकी सवलत देणार नाही, कारण तो दोष त्या एका रात्रीचा नव्हता. पर्ड्यूने त्या हंगामातील पहिल्या २३ सामन्यांत २२ जिंकले आणि उरलेल्या १२ मध्ये ५ गमावले. बिग टेन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेन स्टेटविरुद्धची मोठी आघाडी शेवटच्या मिनिटांत वितळत गेली आणि सामना ६७-६५ असा कसाबसा वाचला. प्रतिस्पर्ध्यांना फेब्रुवारीपासूनच उमगले होते की ईडीला अडवता येत नसेल तर त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणाऱ्यांना अडवावे. मार्च महिन्याला त्यात काही विशेष स्थान नव्हते. दुखणे आधीच दिसत होते, कोलंबसला त्याचे नाव झाले इतकेच.

त्यामुळे ‘संघ तोच, म्हणून निकाल तोच’ हा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो, आणि गंमत अशी की पर्ड्यूच्या बाजूने बोलायचे तर तोच मुद्दा सर्वांत भक्कम आहे. दुखणे जर नवख्या गार्डांचे असेल, तर तेच गार्ड एक वर्षाने मोठे होऊन परत येणे ही तक्रारीची बाब कशी? अठरा वर्षांच्या मुलाने पस्तीस सामन्यांचा हंगाम प्रथमच खेळणे आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने तोच दुसऱ्यांदा खेळणे यांत किती अंतर असते, ते महाविद्यालयीन संघ जवळून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय संघ पूर्णपणे तोच नाही. सदर्न इलिनॉयमध्ये चार वर्षे खेळलेला लान्स जोन्स हा वेगवान, प्रतिस्पर्धी गार्डाला चिकटून बचाव करणारा आणि स्वतः चेंडू वर आणू शकणारा खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेतून, आला आहे. पेंटर स्वतः पर्ड्यूला येण्यापूर्वी त्याच सदर्न इलिनॉयचे प्रशिक्षक होते, हा योगायोग असेल. पण निवड योगायोगाची वाटत नाही. कोलंबसला नेमके जे नव्हते, तेच आणले आहे. त्याशिवाय गेल्या वर्षी बाहेर बसवून ठेवलेला कॅम्डेन हाइडी आणि नव्याने आलेला माइल्स कोल्विन हे दोघे उड्या मारणारे, लांब हातांचे खेळाडू उपलब्ध आहेत. त्यांना किती वेळ मिळेल, हे पेंटर यांच्या हाती आहे.

उंच सेंटरचा काळ संपला, हे विधान एनबीएकडे पाहून केलेले दिसते. महाविद्यालयीन खेळात गेल्या दोन विजेत्यांकडे पाहावे. २०२२ मध्ये कॅन्ससने अंतिम सामना ७२-६९ असा जिंकला तेव्हा निर्णायक क्षणी बास्केट केले ते सेंटर डेव्हिड मॅकॉर्मॅकने. २०२३ मध्ये कनेक्टिकटने विजेतेपद मिळवले तेव्हा फायनल फोरमधील (अखेरच्या चार संघांच्या फेरीतील) सर्वोत्तम खेळाडू ठरला तो सेंटर अदामा सानोगो, आणि त्याच्या मागे राखीव म्हणून सात फूट दोन इंचांचा डोनोव्हन क्लिंगन बसलेला होता. ईडी गेल्या हंगामात सरासरी २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड मिळवून देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळून उशिरा बास्केटबॉलकडे वळलेल्या या टोरॉन्टोच्या मुलाने मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी एनबीए ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या निवडीतून) नाव मागे घेतले आणि परत येण्याचे ठरवले. पर्ड्यूच्या दृष्टीने या वर्षातील सर्वांत मोठी घटना हीच.

येथे मजकूर लिहिणाऱ्याला मी स्वतःच एक उदाहरण देऊ करतो, जे त्याने वापरलेले नाही. व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसनही सात फूट चार इंचांचा होता, १९८१ ते १९८३ अशी सलग तीन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही त्याला राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळाले नाही. इतकेच नव्हे, तर डिसेंबर १९८२ मध्ये होनोलुलूत शॅमिनाड नावाच्या चिमुकल्या महाविद्यालयाने त्याच्या अव्वल क्रमांकाच्या संघाला ७७-७२ असे हरवले होते. एकटा उंच माणूस पुरत नाही, हे या उदाहरणावरून सिद्ध होते. तो असण्यानेच संघ हरतो, हे मात्र सिद्ध होत नाही.

पेंटर यांच्याविषयीच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. २००५ पासून ते मुख्य प्रशिक्षक आहेत आणि २०२३ पर्यंत त्यांचा संघ फायनल फोरमध्ये गेलेला नव्हता. तोवर पर्ड्यू तेथे शेवटचा पोहोचला होता तो १९८० मध्ये. परंतु ‘अद्याप नाही’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा घेणाऱ्यांनी व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची गोष्ट आठवावी. १६ मार्च २०१८ रोजी त्यांचा अव्वल मानांकित संघ यूएमबीसी या सोळाव्या मानांकित संघाकडून ७४-५४ असा वीस गुणांनी हरला. इतिहासात असे प्रथमच घडत होते, आणि या संथ पद्धतीने मार्चमध्ये जिंकता येत नाही, असे तेव्हाही ठामपणे सांगितले गेले. बेनेट यांनी ती संथ पद्धत सोडली नाही. काइल गाय आणि टाय जेरोम हे खेळाडू परत आले, मनगटाच्या दुखापतीमुळे त्या रात्री खेळू न शकलेला डीआंद्रे हंटर बरा झाला, आणि एप्रिल २०१९ मध्ये व्हर्जिनिया राष्ट्रीय विजेता झाला. त्या वाटेवर उपांत्यपूर्व फेरीत त्यांच्यासमोर होता पर्ड्यू. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने ४२ गुण केले होते, पर्ड्यू दोन गुणांनी पुढे होता, आणि घड्याळ संपता संपता व्हर्जिनियाच्या मामादी डियाकिटेने टाकलेला चेंडू आत गेला. मग जादा वेळेत व्हर्जिनिया ८०-७५ असा जिंकला. तो एक चेंडू कडीवरून बाहेर उडाला असता तर आज पेंटर फायनल फोर गाठलेले प्रशिक्षक असते आणि बेनेट ‘मार्चमध्ये हरणारे’ ठरले असते. दोघांच्या प्रशिक्षणातील गुणवत्तेत मात्र तसूभरही फरक पडला नसता. कनेक्टिकटचे उदाहरण तर आणखी ताजे आहे: २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे पहिल्या फेरीत हरून तो संघ २०२३ मध्ये विजेता झाला.

बिग टेनचा मुद्दा थोडक्यात निकाली काढता येतो. २००० मध्ये मिशिगन स्टेट जिंकल्यानंतर २०२३ पर्यंत या गटातील संघाला विजेतेपद मिळालेले नव्हते, हे खरे. त्यानंतर इंडियाना, इलिनॉय, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन आणि दोनदा मिशिगन असे सात वेळा या गटाचे संघ अंतिम सामन्यात हरले, हेही खरे. परंतु विस्कॉन्सिन २०१५ मध्ये हरला म्हणून २०२४ मध्ये ईडीच्या हातातून चेंडू सुटेल, असा कार्यकारणसंबंध मला तरी दिसत नाही.

शेवटी अंदाजाच्या स्वरूपाविषयी. विजेता होण्यासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात. एखादा संघ इतका बलाढ्य असेल की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८५ टक्के आहे, तरी सहाही जिंकण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपासच येते. ९० टक्के धरली तरी ती ५३ च्या पुढे फारशी जात नाही. याचाच अर्थ ‘हा संघ विजेता होणार नाही’ असे भाकीत डिव्हिजन वनमधील साडेतीनशेहून अधिक संघांपैकी जवळपास कोणाविषयीही केले तरी ते बहुधा खरे ठरते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या २०२३-२४ च्या हंगामपूर्व यादीत कॅन्सस पहिला, ड्यूक दुसरा आणि पर्ड्यू तिसरा आहे. कॅन्सस आणि ड्यूकविषयीही हेच भाकीत करून पाहा, तेही बहुतकरून खरे ठरेल. मार्चमध्ये पर्ड्यू हरलाच तर हा मजकूर पुन्हा फिरेल आणि ‘बघा, सांगितले होते’ असे त्याच्यासोबत जोडलेले असेल. परंतु जे भाकीत सर्वांना लागू पडते, त्यातून पर्ड्यूविषयी काहीच कळत नाही.

माझा दावा त्यामानाने मर्यादित आहे. पर्ड्यू जिंकणारच, असे मी म्हणत नाही. चेंडू गमावण्याचे प्रमाण घटले आणि बाहेरची नेमबाजी शंभरात पस्तीसच्या वर गेली, तर या संघाला बाद फेरीत अडवणे अवघड होईल. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर ईडी कितीही गुण करो, कोलंबसची पुनरावृत्ती शक्य आहे. आणि याची पहिली परीक्षा मार्चपर्यंत लांबलेली नाही. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी पर्ड्यूच्या घरच्या मॅके अरीनात पहिला सामना सॅमफोर्डशी आहे, आणि बकी मॅकमिलन यांचा हा संघ संपूर्ण मैदानभर प्रेस लावून, म्हणजे चेंडू वर आणणाऱ्यांवर सतत दडपण ठेवून, खेळण्यासाठीच ओळखला जातो. त्या रात्री ईडीचे गुण मोजण्याऐवजी स्मिथ, लॉयर आणि जोन्स चेंडू अर्धरेषेपलीकडे कसा नेतात, तेवढे पाहावे.