मलाक्काला रात्र काढा

मलेशियाच्या सहलींचा आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. क्वालालंपूरला ट्विन टॉवर, बटू केव्हज, गेंटिंग, खरेदी, आणि वेळ उरला तर मलाक्का. तेही सकाळी बसने न्यायचं, भर उन्हात लाल चर्चसमोर फोटो, जेवण आणि संध्याकाळच्या आत परत. मला हे अजिबात पटत नाही. गेंटिंग गाळा, एखादा मॉल गाळा, पण मलाक्काला किमान एक रात्र राहा.

क्वालालंपूर बघण्यासारखं आहेच. 452 मीटर उंचीचे पेट्रोनास टॉवर 1998 ते 2004 जगात सगळ्यात उंच होते, आणि रात्री खालच्या बागेतून बघताना मान अवघडते तरी नजर हटत नाही. पण मला त्याहून आवडते ती क्लांग आणि गोम्बाक नद्यांच्या संगमावरची जामेक मशीद. 1857 च्या सुमारास कथिलाच्या शोधात निघालेले चिनी खाणकामगार याच संगमापाशी उतरले आणि शहर उभं राहिलं. इथून चालत मर्डेका चौकात जाता येतं. 1957 च्या 31 ऑगस्टला, मध्यरात्री, तिथे ब्रिटिशांचा झेंडा उतरला. या स्वातंत्र्याची तारीख मात्र पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या टुंकू अब्दुल रहमान यांनी आधी जाहीर केली ती मलाक्कात, 20 फेब्रुवारी 1956 ला. परकी सत्ता 1511 साली जिथे पहिल्यांदा आली, त्याच गावात.

आणि ती सत्ता आणणारा पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्क आपल्या ओळखीचा आहे. नोव्हेंबर 1510 मध्ये त्याने गोवा घेतलं आणि वर्षभराच्या आत मलाक्का. त्याने बांधलेल्या किल्ल्याचं आज एकच दार उरलंय, बाकी तट ब्रिटिशांनी पाडला. दारामागची टेकडी चढलात की सेंट पॉल चर्च लागतं. छप्पर नाही, नुसत्या भिंती. त्यांना टेकवून माणसापेक्षा उंच दगडी थडगी उभी केली आहेत. डचांच्या काळातली ही अक्षरं सावकाश वाचावीत, काहींवर कवटी आणि हाडं कोरलेली आहेत. आत जमिनीत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. 1553 मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव काही महिने इथे होतं, मग ते गोव्याला नेलं. जुन्या गोव्यात बॉम जेझूला दर्शनाला जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना ही जागा माहीत असते?

मुळात मलाक्का वसलं तेच मुक्कामावर. पश्चिमेची जहाजं एका वाऱ्यावर यायची, चीनची दुसऱ्या, आणि वारा फिरेपर्यंत सगळे इथेच थांबायचे. व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते, त्यातला एक खास गुजरात्यांसाठी. बंदरात 84 भाषा बोलल्या जातात, असं तोमे पिरेस या पोर्तुगीजाने तेव्हा लिहून ठेवलंय. अशा गावाला आपण चार तास देतो!

त्या थांबण्याचे माग एकाच रस्त्यावर सापडतात. 1781 चं विनायगर मंदिर, पॅगोडासारखा मिनार असलेली कंपुंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी देऊळ, सगळं काही पावलांच्या अंतरावर. मंदिर चिट्टी समाजाचं. तमिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज घरात मलय बोलतात आणि गणपती पूजतात. समुद्राकडच्या वस्तीत पोर्तुगीज वळणाची क्रिस्तांग बोली अजून जिवंत आहे. आपल्या रायगडातल्या कोर्लईतही अशीच एक बोली टिकून आहे. चौल-रेवदंड्याचं बंदर आणि हे बंदर एकाच साखळीतले दुवे होते, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

दुपारी फिरू नका. विषुववृत्त जवळच आहे, घामाने जीव नकोसा होतो. तेव्हा सावलीत बसून चेंदोल खा. बर्फ, नारळाचं दूध आणि वर गुला मलाक्का. हा गूळ माडाचा, गोव्यातल्या माडाच्या गुळाची आठवण येणारच. पाच वाजून गेल्यावर बाहेर पडा आणि नदीकाठाने चाला. शुक्रवार ते रविवार जोंकर स्ट्रीटवर रात्रबाजार भरतो. गर्दी नको असेल तर मधले वार गाठा, खोल्याही स्वस्त मिळतात. क्वालालंपूरच्या टीबीएस स्थानकावरून बस सुटते, साधारण दोन तास लागतात, त्यासाठी पॅकेजची गरज नाही. स्थानकावर उतरल्यावर मात्र जुन्या शहरात जायला पुन्हा लोकल बस किंवा टॅक्सी करावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.