पिशवी खाली ठेवा हो!

आज ओळखीच्या एका काकूंना भेटायला हॉस्पिटलात गेले होते. लिफ्टपाशी स्ट्रेचरवर एक आजोबा, आणि त्यांची लघवीची पिशवी वॉर्डबॉयने उचलून थेट त्यांच्या पोटावर ठेवलेली. निम्म्याच्या वर भरलेली. नळीतली लघवी मागे, मूत्राशयाकडे सरकताना मला दिसत होती. म्हटलं, "दादा, पिशवी खाली अडकवा ना." त्याने असं पाहिलं, जणू मी त्याची किडनी मागितली.

माझं डोकं का फिरलं ते आमच्या अण्णांना ओळखणाऱ्यांना कळेल. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला, ऑपरेशन छान झालं. तेव्हा घातलेली लघवीची नळी नवव्या दिवशी निघाली. नऊ दिवस कशाला? हाडवाल्या डॉक्टरांना वाटलं फिजिशियन सांगतील, फिजिशियनना वाटलं हाडवाले सांगतील. आणि आम्हाला वाटलं, बरंच आहे, रात्री उठवायला नको. (हो, आम्हीही त्यातलेच.) सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. रात्री अण्णा मला आत्याच्या नावाने हाका मारायला लागले, "एसटी चुकेल, चल" म्हणत नळी ओढायला लागले. आम्ही धसकलो, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. निघालं लघवीचं इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसांत ते असंही दिसतं, हे तेव्हा कुठे कळलं.

नळी आत असली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवसाला 3 ते 7 टक्के. ऑपरेशननंतर गरज नसेल तर शक्यतो 24 तासांत काढावी, असं अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) 2009 सालीच लिहून ठेवलंय. आमच्या अण्णांच्या फाइलीत नळी घातल्याची तारीखसुद्धा नव्हती!

आणि काय मोठं मागतोय आपण? पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. नळी मांडीला चिकटवलेली, म्हणजे ओढ बसत नाही. हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुणं. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. रोज साध्या साबण-पाण्याने स्वच्छता. पिशवी रिकामी करायला प्रत्येकाचा वेगळा मग. अण्णांच्या वॉर्डात सहा खाटांना मिळून एकच निळा मग फिरायचा, आणि पिशवीचं तोंड दरवेळी त्याच्या काठाला टेकायचं. तो मग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कबूल, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली, आयसीयूत तासातासाचं माप हवं, तर नळी लागतेच. पण लागते म्हणून राहिली आणि विसरली म्हणून राहिली यात फरक आहे की नाही?

सिस्टरांवर मात्र राग काढवत नाही. त्या रात्री तीस खाटांना दोघीच होत्या. एकीने जेवणाचा डबा उघडला आणि घास न घेताच बंद केला, मी पाहिलंय. कुणी कुणाला विचारायचं, "ही नळी अजून कशाला?"

नवव्या दिवशी ते विचारलं दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्या सिस्टरने. फाइल उलटीपालटी केली, डॉक्टरांना फोन लावला, हात धुऊन आली. नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी सिरिंजने काढून घेतलं, "आजोबा, मोठ्ठा श्वास", की बाहेर. दुपारी अण्णांना आपली आपण लघवी झाली तेव्हा तिने पॉट उजेडाकडे धरून पाहिला आणि वहीत लिहिलं, 180 मिली. मला रडू आलं. लघवी झाली म्हणून कुणी रडतं का!

ही नळी काढायला हवी, असं म्हणायचा हक्क सिस्टरला लेखी द्या ना. रोजच्या राउंडला ती विचारेल, डॉक्टरांना उत्तर द्यावं लागेल. मान जातो का त्यात कुणाचा?

काकूंना भेटून खाली आले तर तेच आजोबा परत येत होते. वॉर्डबॉयने मला पाहिलं, काही न बोलता पिशवी पोटावरून उचलली आणि स्ट्रेचरच्या कडेला अडकवली. मी हात जोडले. स्ट्रेचर पुढे गेलं, आणि पिशवी फरशीवर घासत त्याच्यामागे.