तासगावच्या दादांना उत्तर: नियम बदलला आणि जाहिराती का थांबल्या

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण उत्तर द्यायच्या आधी जाहिरात-नियमाची मर्यादा वेळोवेळी बदला असं सांगणारा माझा जुना लेख पुन्हा वाचायचा होता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून तुम्ही बेदाण्याच्या जाहिराती आपोआप थांबवणारा नियम बदलला, दर ऑर्डर खर्चाची मर्यादा (एका ऑर्डरमागे जाहिरातीवर यापेक्षा जास्त खर्च झाला की नियम जाहिरात थांबवतो) २०० रुपयांवरून १५० केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत चारही जाहिराती बंद. दोन दिवस एकही ऑर्डर नाही. पुढे तुम्ही लिहिलंय, "नियम एकदा लावला की त्याला हात लावू नये. सारखं अपडेट करा म्हणणं हा तुम्हा लोकांचा धंदा आहे."

झालेल्या नुकसानात माझी चूक आहे, ती आधी कबूल करतो. मर्यादेचा आकडा कसा काढायचा यावर मी दोन पानं लिहिली, पण तो आकडा किती दिवसांच्या हिशेबावर तपासायचा याला एकच ओळ दिली, तीही अगदी शेवटी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कालावधीच्या रकान्यात "आज" दिसतंय. घात तिथे झाला.

आपलं गिऱ्हाईक कसं घेतं बघा. सकाळी जाहिरात दिसते, क्लिक करून भाव बघतात, घरात विचारतात, आणि रात्री जेवणं उरकल्यावर किंवा थेट रविवारी ऑर्डर टाकतात. ती ऑर्डर जाहिरातीच्या हिशेबात मागच्या तारखेला चढते: गूगलवर क्लिक झालं त्या दिवशी, मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) जाहिरात दिसली त्या दिवशी. म्हणजे आजचा खर्च आज पूर्ण दिसतो, आजच्या ऑर्डरी मात्र कधीच पूर्ण दिसत नाहीत. त्यात मेटावर नियम "सतत" ठेवला की साधारण दर अर्ध्या तासाने तपासणी होते. सकाळी अकराला खर्च १७० आणि ऑर्डर एक, एवढं दिसलं की काम संपलं. मर्यादा २०० होती तेव्हा पुढची ऑर्डर येईपर्यंत तेवढी सवड मिळत होती. तुम्ही १५० केलीत आणि ती सवड गेली. शिवाय हा नियम फक्त थांबवणारा आहे. थांबलेली जाहिरात दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन सुरू करत नाही, म्हणून दोन दिवस कोरडे गेले.

पावसाळ्यात आपण काय करतो? आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे सांगलीत लहान पोरालाही पाठ आहे. तरी कोणी नुसता पुलावरचा आकडा बघून झोपत नाही. कोयनेतून विसर्ग किती सोडलाय ते विचारतोच, कारण ते पाणी इथे पोचायला वेळ लागतो. जाहिरातीतही वाटेवर असलेल्या ऑर्डरी धराव्या लागतात. कालावधी "मागचे ७ दिवस" करा आणि त्यातून आजचा दिवस वगळा.

पण "हात लावू नये" हे मला मान्य नाही. तो २०० चा आकडा आला कुठून? एक किलोच्या पाकिटामागे माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता तुमच्या हातात २१० रुपये राहत होते, तेव्हाचा तो हिशेब. बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, दर चढले, पाकिटाची किंमत तुम्ही तीच ठेवली, आता हातात १५५ राहतात असं तुम्हीच लिहिलंय. मग २०० चा नियम तसाच ठेवला असता तर जाहिरातीच्या टूलने तुम्हाला प्रत्येक पाकिटामागे ४५ रुपयांपर्यंत तोट्यात जाऊ दिलं असतं, आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसलं असतं. टूलला तासगावचा सौदा कळत नाही. तो आपणच कळवायचा असतो. अजून एक: टूलमध्ये दिसणाऱ्या खर्चात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करून घेणं) मिळत नसेल तर तुमची खरी मर्यादा १५० नाही, १२७ च्या आसपास आहे.

अपडेट करताना काय बिघडू शकतं ते मी स्वतः भोगलंय. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याची जाहिरात मी बघत होतो. नियम होता: मागच्या ७ दिवसांत खर्च ५०० च्या वर आणि ऑर्डर शून्य, तर थांबव. मला फक्त ७ चे ३ दिवस करायचे होते. बाहेरच्या एका टूलमधून शीट चढवून मी तेवढाच रकाना भरला आणि खर्चाचा रिकामा सोडला. मला वाटलं, रिकामा म्हणजे जुनं तसंच राहील. टूलने जुन्या अटी पुसून नव्या लिहिल्या. खर्चाची अट उडाली आणि उरलं एवढंच, की ऑर्डर शून्य तर थांबव. त्या रात्री नव्या मालाच्या सहा जाहिराती लावल्या होत्या. सहाही पहिल्या तपासणीतच थांबल्या आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, मालकांचा फोन आल्यावर. तेव्हापासून एक अट बदलायची असली तरी सगळा नियम वरपासून वाचतो आणि जतन केल्यावर पान बंद करून पुन्हा उघडून बघतो.

तुमच्या एका मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते मी लेखात घालतोय. जाहिरातीला सारखा हात लावू नये. मेटावर जाहिरात संच (एकाच बजेट-गिऱ्हाईकांच्या जाहिरातींचा गट) शिकण्याच्या टप्प्यातून, म्हणजे कोणाला जाहिरात दाखवायची हे मेटा शिकत असतं त्या काळातून, बाहेर पडायला आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी लागतात आणि मोठा बदल केला की मोजणी पहिल्यापासून. तुम्ही रोज ५०० रुपये घालता. १५० ला एक ऑर्डर धरली तर आठवड्याला २३. त्यात बजेट, फोटो, गिऱ्हाईकांची निवड दर दोन दिवसांनी बदलली तर ती बिचारी शिकणार कधी? पण नियमाची मर्यादा बदलणं म्हणजे जाहिरात बदलणं नव्हे. नियम चालून काही करत नाही तोवर जाहिरातीला धक्का लागत नाही.

बजेट वाढवणारा दुसरा नियमही फोटोत दिसला. रोज १० टक्के वाढ, वर कमाल मर्यादा नाही. दहा वेळा चालला तर ५०० चे जवळपास १,३०० होतील. त्याला आजच ७०० चा लगाम घाला.

चारही जाहिराती उद्या सकाळी हाताने सुरू करा. त्याआधी थांबवणाऱ्या नियमाचा कालावधी बदला आणि कृतीच्या जागी "थांबवा" ऐवजी "फक्त सूचना पाठवा" निवडा. आठवडाभर सूचना येऊ देत. प्रत्येक सूचनेपुढे वहीत लिहा, ही जाहिरात तुम्ही स्वतः थांबवली असती का. पुढच्या रविवारी ते पान मला पाठवा, मग कृती बदलायची की मर्यादा, ते बसून ठरवू.