कावेरीतील महाशीर : एक खुलासा

‘लोणावळ्यात वाढवलेली महाशीरची पिल्ले कावेरीत सोडल्यामुळे तिथला नामशेष होऊ घातलेला मासा वाचला’ हा फिरणारा संदेश वस्तुस्थितीला धरून नाही. लोणावळ्यातील मासा खुद्री महाशीर असून, ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी त्याचे वर्णन १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. कावेरीतला, पाठीवर कुबड असलेला केशरी परांचा महाशीर ही निराळी जात आहे. एड्रियन पिंडर, राजीव राघवन या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीतील नमुन्यांची शरीररचना आणि डीएनए तपासून २०१८ मध्ये तिची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित केली. ती आज अतिसंकटग्रस्त आहे आणि बाहेरून सोडलेला खुद्री हेच तिच्यावरील एक मोठे संकट मानले जाते, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास ही दुरुस्तीही त्याच मंडळींना कळवावी.