उतरलात का?

आज सकाळी दूध आणायला गेलो, तर दुकानदाराने पिशवी हातात द्यायच्या आधी विचारलं, "उतरलात का?" मागे उभ्या दोन बायका एकमेकींकडे बघून खोकल्या.

उतरलो. पण हे लिहितोय ते एका हाताने, दुसरा खाजवण्यात गुंतलाय. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला सुरवंट चिकटलेले असतात. अंधारात ते दिसत नाहीत, नुसते कळतात.

आमच्या परसात पाच गावठी कोंबड्या. त्यांत मुंबईच्या थोरल्या भावाने कसलासा व्हिडिओ बघून कडकनाथच्या दोन तलंगा पाठवल्या. जात मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे त्याने मला फोनवर तीनदा सांगितलं. अंडंसुद्धा काळं असतं अशी त्याची खात्री. अंडं असतं फिकट बदामी, आणि यात माझाच काहीतरी ढिसाळपणा आहे असं त्याला अजून वाटतं.

नवी कोंबडी रात्री खुराड्यात सोडायची असते. तिला काय, इतरांना काय, अंधारात धड दिसत नाही. सकाळी वाटतं, ही इथलीच. आमच्या पाच जणींना तसं वाटलं नाही. तुऱ्यापासून नखापर्यंत काळं असं दोनदा उजाडल्यावर कुणालाही कळेलच की.

खुराड्यात बांबूच्या तीन दांड्या आहेत. सगळ्यांत वरच्या दांडीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसते ती पाटलीण: तांबडी, मानेवरची पिसं झडलेली, अंडं आठवड्याला एक, तेही उपकार केल्यासारखं. ती सगळ्यांना टोचते. दोन नंबरची तिला सोडून बाकीच्यांना. असं करत करत शेवटची कुणालाच टोचत नाही, नुसती खाते. आणि सगळ्यांत खाली बसत असल्याने वरून जे पडतं तेही झेलते. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांवर नजर ठेवून ही उतरंड मांडली आणि १९२२ साली छापून आणली. काही कळपांत म्हणे ती सरळही नसते: पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलटून पहिलीला. आमच्याकडे एवढी लोकशाही नाही.

तर तलंगांनी तिसऱ्या दिवशी खुराडं सोडलं आणि शेवगा धरला. काळी कोंबडी, श्रावणातली रात्र, वर झिमझिम. उदमांजराचा वावर आहे, एक जरी गेली तरी भावाला तोंड दाखवायची सोय नाही. चढलो.

तेवढ्यात शेजारचे आबा छत्री आणि बॅटरी घेऊन आले.

"कोण हाय रे वर?"

"मी आहे आबा. जरा बॅटरी मारा."

मारली. थेट माझ्या डोळ्यांत.

"माझ्यावर नको. कोंबडीवर."

"कोंबडी दिसत नाय. तू दिसतोस."

"काळी आहे ती."

"मग काळी घेतलीस कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. मग आबांनी शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते ते समजावलं, शेवग्यावरून पडलेल्या आपल्या चुलतमामांची सविस्तर कथा सांगितली, त्यांच्या कुठल्या पायात सळई घातली यावर स्वतःशीच वाद घातला. तोवर मी एकीला धरलं होतं. कोंबडीने पाय दुमडले की तिची बोटं फांदीभोवती आपोआप आवळतात, म्हणून झोपेतही ती पडत नाही. मी ओढतोय, ती झोपलीये, आणि हलतेय फक्त फांदी. माझ्या पायांना तशी सोय नाही.

इतक्यात आबांचा फोन वाजला. बॅटरी काखेत गेली, सगळा काळोख.

"हां, बोल. नाय, घरात नाय, हितं शेवग्याखाली. माणूस चढलाय. नाय नाय, चोर नाय, आपलाच. कोंबडीनं चढवलाय." मग बराच वेळ ऐकून घेऊन मला म्हणाले, "आमची सून विचारतेय, विमा हाय काय?"

रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या. एकाने खालून शेवगाच हलवून बघितला, मजबूत आहे का म्हणून. तलंग उठली, माझ्या मनगटावर एक टोच दिली आणि आणखी वरच्या फांदीवर गेली. मी खाली आलो, निम्मा स्वतःहून.

रात्री भावाचा फोन. "अरे, पावसात भिजतायत ना त्या? थोडं लक्ष दे." लक्ष मी देतो. खाद्याची गोणी मी आणतो, खुराडं मी धुतो. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, माजघरात पंख्याखालच्या पलंगावर निजतो आणि अंडी कमी का, याचा हिशोब विचारतो. तेव्हा मी पडवीत. पडवीला गळतंय हे चार वर्षं सांगतोय. दुरुस्तीचे पैसे द्यायला हात आखडतो आणि कडकनाथ पाठवतो.

आता साडेसहा वाजलेत. पाटलीण केव्हाच आपल्या कोपऱ्यात जाऊन बसलीये. दोघी काळ्या शेवग्याखाली माना वर करून फांद्या बघतायत. आणि पलीकडे आबांनी अंगणात खुर्ची टाकलीये, बॅटरी चार्जिंगला लावलीये, आणि शेजारी आणखी दोन खुर्च्या मांडल्यात.