फोनवर ‘हो’ म्हणायचं नाही

आज फॅमिली ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं की गाडी सर्व्हिसिंगला दिलीय आणि २८,४०० चं एस्टिमेट आलंय. पुढे कपाळावर हात मारलेला एक इमोजी. कुणी पैसे द्यावेत असं म्हणणं नव्हतं, फार तर कुणीतरी ‘बापरे’ लिहिलं असतं. त्याऐवजी आमच्या एका दादांनी लगेच एक रील पाठवलं. कोट घातलेला मुलगा, मागे मनी प्लांट. कर्ज फेडताना अचानक खर्च आला तर म्हणे डोळे मिटा, पाच वेळा खोल श्वास घ्या, आणि सहा महिन्यांच्या इमर्जन्सी फंडातून शांतपणे पैसे काढा.

अरे, सहा महिन्यांचा फंड असता तर मी डोळे कशाला मिटले असते? उघड्या डोळ्यांनी पैसे भरून घरी आले असते.

दिवसभर डोक्यात तेच घोळतंय. महिनाअखेर होती, त्यात ऑफिसात क्लोजिंग, तोंडातून शब्द काढायला वेळ नव्हता. आता स्वयंपाक आटपून लिहितेय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी स्क्रोल करावं.

आमच्या घरचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. यांचा धंदा लॉकडाउननंतर बंद झाला आणि दोन पर्सनल लोन आमच्या गळ्यात पडली. एक संपलं, दुसऱ्याचा हप्ता चालू आहे. आपण सगळे एकाच मातीचे. हप्त्याच्या तारखेच्या आदल्या रात्री खात्यात पैसे आहेत ना हे दोनदा बघितल्याशिवाय झोप येत नाही. तेव्हा कर्ज का काढलं, कसं काढलं यावर कृपा करून कमेंट नकोत. लग्नाकार्यात भेटणाऱ्या काकू ते काम चोख करतात.

तर गाडी. २०१४ ची वॅगनआर, आम्ही सेकंडहँड घेतलेली. ‘कर्ज असताना गाडी ठेवतातच कशाला’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे. सासूबाईंचे गुडघे, त्यांची फिजिओथेरपी, आणि आमचं पुण्याच्या कडेचं उंड्री. स्वारगेटपर्यंत मेट्रो आली, चांगलं झालं, पण उंड्रीहून स्वारगेटला त्यांना बसच्या पायऱ्या चढवत नेऊ का? बरं, गाडी विकली तरी हातात येणार किती! ज्यांच्या घरासमोरून मेट्रो जाते त्यांनी खुशाल विकावी, त्यांचं बरोबरच आहे.

शांत राहण्याबद्दल मला जे काही कळलंय ते खंबाटकी घाटात, तेही सासूबाईंकडून. आणि त्या काही शांत स्वभावाच्या बाई नाहीत हं. तुळशीबागेत पार्किंगच्या वीस रुपयांवरून त्यांनी घातलेला वाद अख्ख्या रस्त्याने ऐकलाय.

ऐन एप्रिलमधली गोष्ट. वाईला जत्रेला निघालो होतो. घाट अर्धा चढलो आणि जळकट वास यायला लागला. हे अॅक्सिलरेटर दाबतायत, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. क्लच गेला. कशीबशी कडेला घेतली. कुठून वास लागतो देव जाणे, पण एक क्रेनवाला लगेच हजर. पुण्याला न्यायचे सात हजार. आणि वर, ‘पुढे दुसरी गाडी अडकलीय ताई, लगेच सांगा, नाहीतर मी निघालो.’ त्याच महिन्यात आम्ही लोनमध्ये जादाची रक्कम भरून खातं घासूनपुसून रिकामं केलं होतं. यांचा चेहरा पांढरा. माझा हात पर्सकडे, त्यातल्या क्रेडिट कार्डाकडे.

सासूबाई खाली उतरल्या. झाडाच्या सावलीत शाल अंथरली, बसल्या, डबा उघडला. त्या क्रेनवाल्याला म्हणाल्या, “ए बाबा, थांब जरा. आमी आदी खातो. तू बी ये, थालीपीठ हाय.”

तो गेला नाही. त्याची दुसरी गाडी कुठेही अडकलेली नव्हती.

मी आज दिवसभर हेच आठवत होते, कारण सर्व्हिस सेंटरमधून आलेला फोन अगदी त्याच सुरातला होता. “मॅडम, गाडी रॅम्पवर आहे, खोललेली आहे, अप्रूव्हल देताय ना? नाहीतर आजची डिलिव्हरी होणार नाही.” मग एका दमात यादी. लोअर आर्म, लिंक रॉड, ब्रेक पॅड, बॅटरी वीक, पुढचे दोन टायर, इंजिन डीकार्ब, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अलाइनमेंट, कन्झ्युमेबल्स. आणि शेवटी ते ब्रह्मास्त्र, “सेफ्टीचा प्रश्न आहे मॅडम.”

एसीच्या वासाचा आणि माझ्या सेफ्टीचा काय संबंध?

मला राग येतो तो इथे. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला जो तो घाईच करतो. बँकेचा माणूस टॉप-अप लोनची ऑफर ‘आजच्या दिवसापुरती’ देतो. कार्डवाले बिल आल्याआल्या ‘ईएमआयमध्ये बदला’ म्हणून मेसेज टाकतात. गॅरेजवाला गाडी रॅम्पवर चढवून फोन करतो. घाबरलेला माणूस लवकर हो म्हणतो हे या सगळ्यांना पक्कं माहीत आहे. आणि आपल्याला सल्ला काय, तर श्वास घ्या!

मी श्वासबिस काही घेतला नाही. “व्हॉट्सअॅपवर यादी पाठवा, प्रत्येकाचा पार्ट वेगळा आणि लेबर वेगळं. घरी बोलून दुपारी सांगते,” म्हणाले आणि फोन ठेवला. डिलिव्हरी उद्या तर उद्या. एक दिवस रिक्षाने गेल्याने कुणी मरत नाही.

यादी आली. डबा खाताना एक्सेलमध्ये टाकली (अकाउंट्सवाल्यांची खोड). लोअर आर्म ५,६००, लिंक रॉड १,९००, ब्रेक पॅड २,३००, अलाइनमेंट ७००. झाले १०,५००. हे करायलाच हवं होतं, कारण खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आवाज येतोय हे मलाच ऐकू येत होतं. डीकार्ब (म्हणजे इंजिनातली काजळी काढणं), थ्रॉटल, एसी, कन्झ्युमेबल्स मिळून ४,९००. गाडी नीट पेटते, अॅव्हरेज नीट देते, एसीतून वास नाही, डॅशबोर्डवर कुठला दिवाही लागलेला नाही. यातलं आज काहीही नको. टायर ८,२००. साइडवॉलवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर शेवटी २१ आहे, म्हणजे वय झालंय. पण खाचेतल्या झिजेच्या खुणेच्या वर अजून रबर आहे. पावसाळ्याच्या आत घेणारच, आजच्या आज नाही. राहिली बॅटरी, ४,८००. हो म्हटलं ते पहिल्या १०,५०० लाच, आणि गाडी शेवटी आजच मिळाली. संध्याकाळी ती आणल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे नेली. टर्मिनलवर पांढरा-निळसर साका जमला होता, बोटाने खरवडला तर भुगा पडत होता. पोऱ्याने वायर काढल्या, गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपर मारला, वरून व्हॅसलिन लावलं. मग टेस्टर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. “चालतीये की मावशी, कशाला बदलताय?” घेतले पन्नास रुपये. मावशी म्हणाला ते मात्र लागलं जरा.

बिल झालं १०,५००. पार्ट्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झालाय म्हणे. आधी बहुतेक पार्ट्सवर २८ होता. बिलाकडे बघून तो आनंद काही झाला नाही, पण असो.

त्या सर्व्हिस अॅडव्हायझरबद्दलही लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. जुने पार्ट डिकीत ठेवा म्हटल्यावर तो “मॅडम, ते स्क्रॅपला जातात” म्हणाला, पण ठेवले. घरी येऊन बघितले. लोअर आर्मच्या बुशचं (सांध्यातल्या तुकड्याचं) रबर असं फाटलं होतं की बोट आरपार गेलं. म्हणजे तिथे पोरगा खरं बोलत होता. बोलण्यावरून लातूर-नांदेडकडचा वाटला, पंचविशीचा असेल. त्यालाही टार्गेट असणार. त्याच्याही घरी कुठला तरी हप्ता असेल. त्याच्यावर माझा राग नाही. फोनवर थोडी तडकलेच मी, बिचारा ‘सॉरी मॅडम’ म्हणाला.

जुना पार्ट मागायचा हेही सासूबाईंचंच. घाटातल्या त्या दिवशी थालीपीठ खाऊन झाल्यावर त्यांनी क्रेनवाल्याला साधा प्रश्न विचारला, “पुन्याला कशापायी न्यायची? वाई हितं खाली हाय.” सातचे अडीच हजार झाले आणि गाडी वाईला गेली. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर फ्लायव्हीलसकट (क्लच ज्यावर बसतो ती जड चकती) तेरा हजार सांगितले होते. वाईच्या मेस्त्रीने उघडून दाखवलं, फ्लायव्हील ठीक होतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ६,८००. निघताना सासूबाईंनी जळकी क्लच प्लेट पिशवीत घातली. “आपल्या पैशाची वस्तू हाय, इथं का ठेवायची?” ती प्लेट आजही आमच्या बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीखाली आहे. (राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ वर फोन करा. तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात तो नंबर आला नाही.)

त्या जत्रेनंतर मी एक केलं, ज्यावर दादांचा आणि माझा आजही वाद आहे. दर महिन्याला २,००० चं आरडी, फक्त गाडीसाठी. दादांचं म्हणणं, डोक्यावर १४ टक्क्यांचं लोन असताना सातेक टक्क्यांच्या आरडीत पैसे ठेवणं हा शुद्ध वेडेपणा, तेच लोनमध्ये भर. कागदावर दादा बरोबर आहेत. पण दादा, तो हिशोब गाडी बंद पडत नाही असं धरून मांडलेला आहे. गाडी बंद पडली की कर्जवाला माणूस कार्ड काढतो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २८,४०० तसेच राहिले तर महिन्याला जवळजवळ हजार रुपये नुसतं व्याज. शिवाय थकबाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते बिनव्याजी दिवस विसरा. ईएमआय केला तर प्रोसेसिंग फी, आणि व्याजावर परत जीएसटी. आता सांगा, वेडं कोण?

आणि आरडीचा खरा उपयोग व्याजाचा नाहीच. फोन आला तेव्हा माझा आवाज थरथरला नाही, एवढाच.

‘इन्शुरन्स आहे ना?’ असं विचारणारे वेगळेच. अहो, इन्शुरन्स झिजेचे पैसे देत नाही. क्लच, बुश, ब्रेक पॅड हे सगळं आपलंच. आणि पार्किंगमध्ये पोचा पडला म्हणून तीन हजारांचा क्लेम करायला जाऊ नका. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, असतो, तो जातो. आमचा पोचा तसाच आहे. छान दिसतो.

बरं, यातलं बरंचसं ‘अचानक’ नसतंच. इन्शुरन्सची तारीख ठरलेली, पीयूसी ठरलेली, टायरवर तर वर्षच लिहिलेलं. ती एचएसआरपी नंबरप्लेट, कारला ७४५ अधिक जीएसटी, तीसुद्धा किती महिने आधी जाहीर झाली होती, तरी आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात धावपळ. यात मी दुसऱ्यांना नावं ठेवतेय असं समजू नका, आमच्या सोसायटीतल्यांना ठेवतेय.

एक मात्र मला अजून जमलेलं नाही आणि कुणी रीलमधून शिकवेल असंही वाटत नाही. गाडीचा खर्च निघाला की हे गप्प होतात. भांडत नाहीत, चिडत नाहीत. टीव्ही बंद करतात आणि चपलांचं कपाट आवरायला घेतात. आजही तेच. मी एक्सेल दाखवलं, १०,५०० आरडीतून गेले, कार्डाला हात लावला नाही, हप्ता जागेवर आहे, सगळं सांगितलं. “बरं केलंस,” म्हणाले आणि बूट पुसत बसले. धंदा बंद झाला त्याचा हिशोब ते प्रत्येक बिलात नव्याने मांडतात हे मला कळतं. त्यावर काय बोलायचं ते सुचत नाही. सासूबाईंनी बाहेर येऊन “तो बूट झिजून जाईल रे आता” म्हटलं तेव्हा कुठे हसले.

दादांना मी ग्रुपवर उत्तर दिलेलं नाही. ते इथे आहेत, वाचतीलच. दादा, तुमचं मन चांगलं आहे हे मला माहीत आहे. लॉकडाउनमध्ये न विचारता किराणा भरून दिलात ते विसरलेले नाही. पुढच्या वेळी रीलऐवजी फोन करा, थोडं रडगाणं ऐका, तेवढं पुरे.

आणि कोंढवा-उंड्री भागात धड टायरवाला कुणाला माहीत आहे का? १४५/८० आर १३, दोन हवेत. जुन्याचे एक्सचेंजमध्ये किती धरतात तेही लिहा. मी फोनवर काही ठरवणार नाही, आधी टायर बघेन, त्यावरचे शेवटचे दोन आकडे वाचेन, मग बोलू.