‘पवारांचे मेहुणे’ म्हणणाऱ्या पोरासाठी

आज १७ जानेवारी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिवस. सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन केलं, फेरीत चाललो आणि परत येताना चहाला थांबलो. शेजारी आमच्याच भागातला एक पोरगा. गळ्यात भगवं उपरणं, स्टेटसला हुतात्म्यांचे फोटो. मी सहज म्हटलं, आज एन. डी. पाटलांची पण पुण्यतिथी रे. तर म्हणतो, "कोण एन. डी.? ते पवारांचे मेहुणे की काय ते?"

अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. पैसे मात्र दोघांचे दिले, सवय.

मेहुणे होते, खरं आहे. त्यांच्या पत्नी सरोजमाई ह्या शरद पवारांच्या सख्ख्या बहीण. महाराष्ट्रातल्या ७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात पवार मुख्यमंत्री आणि एन. डी. सहकारमंत्री, हेही खरं. पण पुढे एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर कोण उतरलं, आणि एन्रॉनचा करार झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदावर कोण होतं, एवढं तरी बघ की बाबा उपरणं घालायच्या आधी! तुझ्या हातात चोवीस तास मोबाइल असतोय.

मला एन. डी. म्हटलं की सायकल आठवते. ८६-८७ चा सुमार, कन्नडसक्तीवरून गाव तापलेलं. बाबा उद्यमबागच्या एका फाउंड्रीत होते. पाळी संपवून आले, मला दांड्यावर बसवलं आणि सभेला नेलं. मी तिथं गाढ झोपलो. एन. डीं.चा एक शब्द कानावर पडला नाही, पडला असेल तर आठवत नाही. परत येताना सायकल पंक्चर झाली आणि वडगावपर्यंत चालत आलो. त्या वाटेवर बाबांनी मला आख्खी सभा सांगितली.

म्हणजे काय सांगितलं? कुठला भाग कुठल्या राज्यात जावा हे ठरवायच्या चार गोष्टी. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. पाढ्यासारख्या म्हणून घेतल्या. कपिलेश्वरचं रेल्वे गेट पडलेलं होतं (तेव्हा पूल कुठला), तिथं थांबून 'सलगता' म्हणजे काय ते गल्लीतल्या घरांना लागून घरं कशी असतात त्यावरून समजावलं. आख्खा जिल्हा एक धरला की आपण हरतो, एकेक खेडं धरलं की नकाशा बदलतो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं ६७ च्या अहवालात बेळगाव तिकडं, आजच्या कर्नाटकात ठेवलं, तेव्हा हीच पट्टी सगळीकडं सारखी का लावली नाही, हा आपला सवाल. सुप्रीम कोर्टात २००४ साली महाराष्ट्रानं दावा लावला, ८६५ गावांचा. मी तोवर चांगला बाप्या झालो होतो. पेपरात बातमी वाचताना मला ते पडलेलं गेटच दिसलं.

एन. डी. म्हणजे शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) माणूस. ढवळीच्या शेतकऱ्याचं पोर, एम. ए., एलएल. बी. अठरा वर्षं विधान परिषदेत, ८५ ला कोल्हापुरातून आमदार, 'रयत शिक्षण संस्थे'चे अध्यक्ष. रायगडच्या सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) उभे, म्हातारपणी कोल्हापुरात टोलविरुद्ध उभे. आणि ह्या सगळ्यात आमच्यासाठी वेळ काढायचे. आम्ही त्यांना मत देऊ शकत नव्हतो रे! ज्या गावात आपल्याला एक मत नाही, तिथं उभ्या आयुष्यात किती पुढारी येतात? सांग.

हां, मान्य करतो. कोर्टाचा निकाल अजून नाही. एन. डी. आले-गेले, भाषणं झाली, आणि सातबारा अजून कन्नडातच येतोय. तुझ्या पिढीला कंटाळा आला असेल, त्याचाही राग नाही मला. माझी मुलगी कन्नड फडाफडा बोलते, बरंच आहे.

राग आहे तो आमच्यावरच. महाराष्ट्र एकीकरण समिती म्हणून एकत्र राहायचं सोडून एकाच मतदारसंघात आपलेच दोन उमेदवार उभे केले. विधानसभेला २०१८ ला भोपळा, २०२३ ला भोपळा. लोकेच्छा चौथी होती ना, बाबांनी सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घातला होता. शहापूर लागलं तरी ते तेच सांगत होते. तेवढी एक गोष्ट आपल्या हातात होती आणि तीच घालवली. आता पुढारी चौकात येऊन फोटो काढतात, हार घालतात, गाडीत बसतात. पाच मिनिटं. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे, निपाणीच्या कमळाबाई मोहिते. हुतात्म्यांची ही पाच नावं न बघता म्हणून दाखवा म्हटलं तर निम्मे पुढारी खाली बघतील.

२०२२ ला ह्याच तारखेला एन. डी. गेले. सकाळी आम्ही चौकात फुलं वाहून आलो होतो, कोरोनामुळं माणसं कमीच. दुपारी फोन आला. बाबा जेवत होते. ताट बाजूला सरकवलं, हात धुतला आणि बराच वेळ नुसते ओसरीवर बसले. मग मला म्हणाले, "चार सांग बघू." पन्नाशीला आलेला मी, उभं राहून चार सांगितल्या.

तो पोरगा तसा वाईट नाही. पाऊस असो, ऊन असो, फेरीला येतो तरी. उद्या गाठून चहा पाजीन, आजचा त्याच्यापायी अर्धाच झाला. चिडून बोललो असेन तर त्यानं मनावर घेऊ नये. ओळखीच्यांनी त्याला टॅग करू नका प्लीज.

पोस्ट टाकायच्या आधी बाबांना वाचून दाखवली. सगळी ऐकली आणि म्हणाले, "पंक्चर नव्हतं, चेन तुटली होती."